बांगड्या फोडणारे हात



मारहाण झाली तरच हिंसा, असे आपण धरून चालतो. संयुक्त राष्ट्रांच्या 1993 च्या जाहीरनाम्याने मात्र मानसिक जाच आणि स्त्रीला अपायकारक रूढी यांनाही हिंसाच म्हटले. आपल्या 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यातही मानसिक छळ येतो. पण पतीच्या प्रेताशेजारी बांगड्या फोडणाऱ्या, कुंकू पुसणाऱ्या बाया घरच्याच. फिर्याद कोणावर करायची?

आपल्याच जिल्ह्यातील हेरवाडने (ता. शिरोळ) मे 2022 मध्ये ही प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. चंदगडकरांनी दखल घ्यावी असेच हे पाऊल आहे. तरीही आम्हांला प्रश्न पडतो: रडारडीच्या घरात 'राहू द्या तिच्या हातात' असे आधी कोण म्हणेल? बहुधा वडीलधारी विधवा सासूच म्हणू शकेल. आणि तिलाच ते जड जाईल, कारण तिच्या वेळी कोणीच बोलले नव्हते.