आधी ऐकून घेऊ या



काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना मी एका माउलीच्या घरी गेलो होतो. मासेमारीला गेलेला तिचा मुलगा परत आलाच नव्हता. मी अर्धा तास तिला देवाच्या योजनेविषयी, स्वर्गाविषयी सांगितले, प्रार्थना केली आणि निघालो. दारात ती म्हणाली, "फादर, तुमी बरा सांगलात, पण माझा आयकलात नाय." ते बोल मी आजवर विसरलेलो नाही.

संत लूकच्या शुभवर्तमानातील (अध्याय २४) अम्माऊसच्या वाटेवरचे दोन शिष्यही असेच खचलेले होते. पुनरुत्थित प्रभू त्यांच्यासोबत चालू लागला. त्याला सर्व ठाऊक होते. तरी त्याने आधी त्यांनाच विचारले आणि त्यांची सारी निराशा ऐकून घेतली. मगच शास्त्र उलगडले आणि शेवटी भाकर मोडली. आधी सोबत, मग ऐकणे, मग वचन. मी त्या घरी हा क्रमच उलटा केला होता.

आज आपण 'समुपदेशन' म्हणतो. शब्द नवा असला तरी आत्म्यांची काळजी ही ख्रिस्तसभेची पहिल्यापासूनची सेवा आहे. संत पौल गलतीकरांना एकमेकांची ओझी वाहायला सांगतो. इ.स. ५९० मध्ये पोप झालेल्या संत ग्रेगरींनी मेंढपाळांसाठी एक ग्रंथच लिहिला. सर्वांना एकच उपदेश लागू पडत नाही, दुःखी माणसाशी वेगळे बोलावे आणि आनंदी माणसाशी वेगळे, असे त्यांनी त्यात शिकविले. १२१५ च्या लॅटरन धर्मसभेने वर्षातून एकदा तरी पापनिवेदन करण्याचा नियम घातला. धर्मगुरूने कुशल वैद्यासारखे जखम समजून घ्यावी आणि ऐकलेले कोणालाही कळू देऊ नये, असेही सांगितले.

आपल्या शेजारच्या गोव्यातील संत जोसेफ वाझ (१६५१-१७११) यांचेच उदाहरण घ्या. डच अमलाखाली श्रीलंकेत कॅथलिक धर्मगुरूंना बंदी होती. १६८७ मध्ये ते मजुराच्या वेषात तिथे पोहोचले आणि लपूनछपून घरोघरी संस्कार देत राहिले. लोकांच्या भाषेत बोलता यावे म्हणून ते तमिळ आणि सिंहली शिकले. १६९७ मध्ये कँडीत देवीची साथ आली. लोक आजाऱ्यांना टाकून पळाले, पण फादर वाझ त्यांची शुश्रूषा करीत थांबले. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये त्यांना संत घोषित केले. आधी सोबत, मग वचन, हे त्यांनी जगून दाखविले.

आपला गाव लहान आहे. इथे सगळे सगळ्यांना ओळखतात. म्हणूनच दारूचे व्यसन, कर्ज, नवरा-बायकोचे भांडण, मुंबईला किंवा गल्फला गेलेल्याची काळजी, हे सारे आपण मनातच ठेवतो. लोक काय म्हणतील याची भीती वाटते. तुम्हांला खात्रीने सांगतो, पापनिवेदनात ऐकलेले धर्मगुरू कोणालाही सांगू शकत नाही. ती मोहर जाणूनबुजून तोडणारा धर्मगुरू ख्रिस्तसभेच्या कायद्याने आपोआप बहिष्कृत होतो.

आणखी एक गोष्ट. मनाचा आजार म्हणजे पाप नव्हे, आणि तो दुबळ्या श्रद्धेची खूणही नव्हे. झोप उडाली असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर प्रार्थना कराच, पण डॉक्टरकडेही जा. सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेल्या 'टेली मानस' या सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे रात्री-अपरात्रीही बोलता येते. पापनिवेदन औषधाची जागा घेत नाही आणि औषध पापनिवेदनाची जागा घेत नाही. दोन्हींमागे देवाचाच हात आहे.

हे काम एकट्या फादरचे नाही. या आठवड्यात आपल्या वाड्यावरच्या एका दुःखी घरी जा. उपदेश करू नका. बसा, ऐका आणि ऐकलेले तिथेच ठेवून या. विहिरीवर किंवा बाजारात ते बोलू नका.

त्या माउलीकडे मी पुन्हा गेलो. या वेळी तीच बोलली, मी ऐकले. निघताना तिनेच जपमाळ हाती घेतली.

हे प्रभो, आमच्या वाटेवर तू आमच्यासोबत चालतोस. आम्हांलाही इतरांसोबत चालायला शिकव. आमेन.