पोचा

गेल्या मे महिन्यात इंग्लंडात बहिणीकडे गेलो असता, डेव्हन परगण्यातल्या एका कुरणावर भरलेला जुन्या मोटारींच्या हौशी मंडळींचा मेळावा पाहण्याचा योग आला. मोटारी म्हणजे फोक्सवॅगनच्या राहत्या गाड्या. ही जात १९५० साली जर्मनीत जन्मली आणि तिचे शेवटचे भावंड २०१३ साली ब्राझीलमध्ये तयार झाले. डेव्हनमधल्याच सिडमथ गावी १९५६ पासून अशा गाड्यांत बिछाना, शेगडी, कपाटे बसवून त्यांचे घर करीत असत. त्यामुळे त्या कुरणावर त्या माहेरपणाला आल्यासारख्या वाटत होत्या.

रांगेत १९६६ सालची एक गाडी होती. पुढची काच दुभागलेली, मालकीण पंचाहत्तरीची. १९७४ साली ही बाई याच गाडीतून इस्तंबूल, तेहरान, काबूल, लाहोर करीत थेट आपल्या गोव्यात, हणजुण्याला आली होती. पुढे १९७९ साली इराणात क्रांती झाली, वर्षअखेर अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा शिरल्या, आणि हौशी प्रवाशांची ती वाट मोडली.

गाडीला रंग नवा होता. तळाचा गंजलेला पत्रा कापून दुसरा जोडला होता. मात्र मागच्या दारावर पंजाएवढा एक पोचा तसाच होता.

परीक्षक म्हणाले, "एवढा काढला असता तर गुण गेले नसते."

बाई म्हणाल्या, "कंदाहारजवळ मागे घेताना गाडी एका चहावाल्याच्या खांबावर घातली. चूक माझी होती. त्याने भरपाई तर घेतली नाहीच, उलट चहा पाजला. तो पोचा काढायला माझा हात धजत नाही."

शेजारच्या गृहस्थांची गाडी कालच कारखान्यातून निघाल्यासारखी लखलखीत होती. त्यांना मी खोटे म्हणणार नाही. कारागिराने वस्तू घडवली तशी ती लोकांना दाखवावी, हाही प्रामाणिकपणाच आहे. आणि बाईंनी तरी गंज कुठे राखला होता? गंज आपल्या हेळसांडीने चढतो आणि वस्तू खातो. तो काढलाच पाहिजे. पोचा कुणाला खात नाही. अमुक एक गोष्ट घडली, एवढेच तो सांगतो. काय बुजवावे आणि काय राखावे, याचा विवेक या दोहोंच्या फरकात आहे, असे मला त्या कुरणावर उभ्या उभ्या वाटले.

वाटले, आणि लगेच शरमही वाटली. मी शाळामास्तर, शिक्षण मॅट्रिकपर्यंतच. दोन वर्षांपूर्वी माझ्या कादंबरीच्या निमित्ताने एका गावी सत्कार झाला. प्रास्ताविक करणाऱ्याने मला भाबडेपणाने 'प्राध्यापक' म्हटले. मी गप्प राहिलो. वडील वारल्यावर धाकट्या भावंडांसाठी कॉलेज सोडून द्यावे लागले, यात लाजण्यासारखे काय होते? तो माझ्या दारावरचा पोचा होता; आणि टाळ्यांच्या लोभाने मी तो बुजवू दिला. मागे आई बसली होती. घरी आल्यावर ती इतकेच म्हणाली, "त्यांना सांगायचं नाहीस का रे?"

परत आल्यावर त्या मंडळींना पत्र लिहून चूक कळवली. पत्र पेटीत टाकताना मात्र मनात एक नवीच ऐट डोकावली: पाहा, मी किती खरा! आपला पोचा मिरवणे हीही एक रंगरंगोटीच. बाईंनी त्या दारापाशी पाटी लावली नव्हती. कुणी विचारले तर सांगत, नाहीतर खुर्चीत बसून लोकर विणत.

मला अजून ते साधलेले नाही. नाहीतर हे सारे मी येथे छापायला कशाला दिले असते?