दुसऱ्याची ठेव

आमच्या माळ्यावर एक जुना कॉम्प्युटर होता. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हा, २००१ साली, हाती आलेल्या पैशांतून घेतलेला. विंडोज ९८, दहा जीबीची हार्ड डिस्क आणि उचलायला दोन माणसं लागतील असा मॉनिटर. २०१९ च्या महापुराचं सांगलीकरांना वेगळं सांगायला नको. खालची खोली पाण्यात गेली, हा मात्र माळ्यावर कोरडा राहिला. यंदा मी तो भंगारात द्यायला काढला, तर भाच्याच्या ओळखीचा एक इंजिनिअर मुलगा धावत आला. जुनी यंत्रं जमवून पुन्हा चालती करायचा त्याला छंद आहे. घेऊन जा म्हटलं. तो म्हणाला, "आत काही असलं तर मी पुसून घेतो, आजोबा."

तिथं मी अडलो.

आत माझं स्वतःचं फार थोडं होतं. होतं ते गल्लीचं. त्या काळात आमच्या गल्लीत मराठी टायपिंग होईल असं यंत्र एवढंच. संध्याकाळी लोक येत. लग्नाची परिचयपत्रकं, कर्जाचे अर्ज, वाटणीपत्राचे कच्चे खर्डे, आजारपणात मदत मागणारी पत्रं. कुणाची सोयरीक का मोडली, कुणावर किती देणं आहे, सगळं लोकांनी तोंडानं सांगितलं आणि मी त्या डबड्यात घातलं. ही माझी माहिती कशी म्हणायची? ती ठेव होती. बँकेत लॉकरला आमची चावी लावली की आम्ही पाठ फिरवून बाहेर येत असू. आत सोनं आहे की नुसतीच जुनी पत्रं, ते बघायचा आम्हाला अधिकार नसे.

मग मीच पुसायचं ठरवलं. 'डिलीट' दाबलं, कचऱ्याची टोपली रिकामी केली. मुलगा हसला. म्हणाला, यानं काही जात नाही. लेजरच्या अनुक्रमणिकेतलं नाव खोडावं आणि आतलं पान तसंच राहावं, तसं हे. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत पान वाचता येतं. त्या काळचं 'फॉरमॅट'सुद्धा अनुक्रमणिकाच कोरी करतं, पानं नाही. अमेरिकेत गार्फिंकेल आणि शेलट या दोघांनी बाजारातून १५८ जुन्या हार्ड डिस्क विकत घेऊन तपासल्या होत्या, तो अभ्यास २००३ साली छापून आला. चालू निघालेल्या १२९ पैकी नीट पुसलेल्या फक्त १२. बाकीच्यांत लोकांची पत्रं, आजारपणाची माहिती, क्रेडिट कार्डांचे हजारो नंबर. त्यातल्या कित्येकांची समजूत माझ्यासारखीच असणार, की आपण पुसलंय.

आपल्याकडे २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा झाला, पण घरगुती कामासाठी ठेवलेल्या माहितीला तो लागू नाही. म्हणजे मला विचारणारं कुणी नव्हतं. अशा वेळी माणूस फार सैल वागतो, हे मी बँकेत पुष्कळ पाहिलंय.

आता माझी चूक सांगतो. पुसण्याआधी आपलं काही राहिलंय का बघावं म्हणून मी एकेक फाइल उघडू लागलो. कामाचं निमित्त, खरं तर कुतूहल. त्यात शेजारच्या वहिनींचं पत्र निघालं. २००४ साली त्यांनी भावाला लिहायला सांगितलेलं. बापानं स्वतः कमावलेल्या घरात त्यांचा भावाइतकाच वाटा होता, १९५६ पासून कायदाच तसा आहे. थोरल्या लेकीच्या शिक्षणासाठी तो वाटा त्या मागत होत्या. दोन दिवसांनी येऊन म्हणाल्या, "नको पाठवायला. हक्कसोड पत्रावर सही करून आले. कुणाला कळू देऊ नका, भाऊजी." लेकीचं शिक्षण बारावीवरच थांबलं. वहिनी आता नाहीत. लेकी मामाला देव मानतात.

रात्रभर झोप लागली नाही. आई आपल्यासाठी एवढं करायला निघाली होती, हे लेकीला कळू नये? त्या पत्रावर तिचा काहीच हक्क नाही? की ते तिच्या हाती देऊन मी तिचं आजोळ तोडीन? बरं, हा सगळा विचार करणारा मी कोण? पत्र उघडलंच नसतं, तर हा प्रश्नच आला नसता.

दत्तमहाराजांच्या चोवीस गुरूंत कुमारीचं कंकण आहे. कीर्तनात आपण त्यातून एकान्ताचा बोध ऐकतो. मला त्या रात्री निराळंच दिसलं. घरात मोठं माणूस नाही, तिला बघायला पाहुणे आलेत आणि ती आत भात कांडते आहे. बांगड्या वाजल्या तर घरची गरिबी बाहेर कळेल, म्हणून ती त्या उतरवत जाते. पाहुण्यांशी खोटं बोलत नाही, त्यांना उपाशीही ठेवत नाही. फक्त घरचं घरात ठेवते.

सकाळी मुलाला बोलावलं. त्यानं सीडीवरून चालणारा प्रोग्रॅम लावला. तो सबंध डिस्कवर नुसती शून्यं लिहीत जातो. अशा डिस्कला एकदा लिहिलं तरी पुरतं. आम्ही जेवायला बसलो, आत ते काम चालू होतं. माझीही चार पत्रं गेली. शोधत बसलो नाही.

यंत्र रिक्षात ठेवताना वहिनींची थोरली लेक दारात आली. "काका, माझं परिचयपत्रक यावरच केलं होतं ना?" मी हो म्हटलं. जरा थांबून तिनं विचारलं, "आईनं कधी काही लिहून घेतलं होतं का हो?"

"घेतलं होतं," मी म्हणालो. "काय, ते मला विचारू नकोस."

तिनं विचारलं नाही. पण त्या दिवसापासून वाटतं, 'घेतलं होतं' एवढंही मी बोलायला नको होतं. आणि दुसऱ्या क्षणी वाटतं, तेवढं तरी तिला मिळायलाच हवं होतं.