एका पिक्सेलची कड

घाई नसेल तेव्हाच हे वाचा. मध्येमध्ये थांबावं लागेल, आणि थांबल्यावर लगेच पुढची ओळ गाठायची नाही.

आधी धातूचा एक तुकडा डोळ्यांसमोर आणा. नाशिकमधल्या अंबडच्या एमआयडीसीत तो शोधायला लांब जावं लागत नाही. लेथवरून उतरलेले जॉब ट्रेमध्ये रांगेनं पडलेले असतात. त्यातला एक उचला, ट्यूबलाइटखाली धरा. सपाट तोंडावर उजेड नुसता पसरलाय. कडेला मात्र एक बारीक पांढरी रेघ चमकते. तो चॅम्फर. ड्रॉइंगवर 1 × 45° लिहिलेलं असतं आणि ऑपरेटर तो दिवसभर मारत असतो. बर, म्हणजे कापताना कडेला उरलेली धारदार कोर, राहू नये, हात कापू नये, भोकात पिन सरळ शिरावी, एवढ्यासाठीच. शोभेचा विचार कुणी केलेला नसतो. तरीही काम नीट झालंय हे डोळ्यांना कळतं ते त्या रेघेमुळे.

जॉब बोटांत हळूहळू फिरवा. एका कडेवरची रेघ विझते, दुसरीवर पेटते. ट्यूबलाइट जागची हललेली नाही. हे दोन-तीनदा करून बघा.

आता तुकडा खाली ठेवा. तशीच कड पडद्यावरच्या चिन्हाला, म्हणजे आयकॉनला द्यायची आहे. संगणकावर 16 × 16 पिक्सेलचा कोरा चौकोन उघडा. फोटोशॉप चालेल, गिम्पही चालेल. झूम 1600 टक्क्यांवर न्या. सगळी मिळून 256 घरं. काहीही काढू नका, फक्त बघा. बाहेरच्या रांगेत 60 घरं आहेत. कड म्हणून तुमच्या हातात एवढंच आहे.

रंग उचलण्याआधी एक ठरवायचं: उजेड कुठून येतोय? चिन्हांच्या दुनियेत तो बहुतेक डाव्या-वरच्या कोपऱ्यातून येतो. 1995 मधल्या विंडोज 95ची राखाडी बटणं आठवा. वर आणि डावीकडे पांढरी रेघ, खाली आणि उजवीकडे गडद. माउस दाबला की दोन्ही रेघा अदलाबदल व्हायच्या आणि बटण आत गेलेलं दिसायचं. पडदा सपाटच होता. आत-बाहेर काही झालंच नव्हतं. मेंदूवैज्ञानिक विलयनूर रामचंद्रन यांनी 1988 मध्ये ‘नेचर’मधल्या निबंधात हेच तपासलं होतं: छायेवरून आकार ओळखताना आपला मेंदू उजेड एकच आहे आणि तो वरून येतोय असं धरून चालतो.

याचा पडताळा घ्यायला अंबडजवळचीच पांडवलेणी पुरेत. तिसऱ्या लेण्यात सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचा दुसऱ्या शतकातला ब्राह्मी लेख आहे. अक्षरं दगडात खोल कोरलेली. तिरप्या उजेडात काढलेला अशा लेखाचा फोटो घ्या आणि 180 अंशांत फिरवा. बघत राहा. पुष्कळदा खोदलेली अक्षरं फुगून वर आलेली दिसू लागतात. छिन्नीचा घाव तोच, पण त्याची खोली ठरवली उजेडाच्या दिशेनं. म्हणून एका टूलबारवरच्या सगळ्या चिन्हांचा उजेड एकाच बाजूचा हवा. एकाचा जरी चुकला तरी ते खड्ड्यात पडल्यासारखं दिसतं, आणि बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही.

आता तयार इफेक्टकडे या. 1998 च्या फोटोशॉप 5 पासून कडांना उठाव देणारा बेव्हल अँड एम्बॉस एका क्लिकवर मिळतो. म्हणून तर त्याचा इतका अतिरेक झाला! साइझ 5 ठेवा आणि नीट हिशेब करा: दोन्ही बाजूंनी पाच-पाच पिक्सेल गेले, मध्ये उरले सहा. चिन्ह राहतच नाही, वापरून झिजलेली साबणाची वडी उरते. साइझ 1 करा. सॉफ्टन 0. टेक्निकमध्ये चिझल हार्ड. जुन्या आवृत्त्यांत कोन 120 अंश दिलेला असतो, त्यानं वरची कड डावीपेक्षा जास्त उजळते. दोन्ही सारख्या हव्या असतील तर 135.

खरं सांगायचं तर एवढ्या लहान चौकोनाला इफेक्ट लागतच नाही. पेन्सिल टूल घ्या, एक पिक्सेलचं. वर आणि डावीकडे मिळून 29 घरं उजळ, खाली आणि उजवीकडे 29 गडद. उरलेली दोन म्हणजे उजवा-वरचा आणि डावा-खालचा कोपरा. तिथे उजेड आणि सावली एकमेकांना भेटतात. त्यांना पृष्ठभागाचाच रंग राहू द्या. या दोन घरांवर जरा जास्त वेळ थांबा. कड रेखीव की ओबडधोबड, हे इथेच ठरतं.

मोठं चिन्ह बनवून लहान करायचा मोह आवरा. 256 पिक्सेलवरची आठ पिक्सेलची कड 16 वर आणली की अर्ध्या पिक्सेलची होते. अर्धा पिक्सेल पडद्यावर नसतो, मग सॉफ्टवेअर तिथे करडा धूसर रंग भरतं.

2012 चं विंडोज 8 आणि 2013 चं आयओएस 7 आल्यावर सगळं सपाट झालं. जाहिरात एजन्सीत आज कुणी बेव्हल केला तर हसतील. हसू देत. मशिनच्या कित्येक पडद्यांवर अजून उठावाची बटणं आहेत, आणि तेलकट हातानं, ओझरती नजर टाकून काम करणाऱ्याला काय दाबायचं हे चटकन कळणं मला फॅशनपेक्षा मोठं वाटतं.

काम झालं असेल तर झूम 100 टक्क्यांवर आणा, एकदा बघा आणि फाइल पीएनजीमध्ये जतन करा. जेपीईजी 8 × 8 च्या ठोकळ्यांत चित्र दाबतं. तुमची एका पिक्सेलची कड त्यात पहिल्याच वेळी फिसकटेल.