दुरुस्ती आणि साक्ष

जुनी वस्तू जपावयाची म्हणजे तिच्यातील नेमके काय जपावयाचे, हा प्रश्न आपल्या वडिलार्जित घरांतून नेहमीच उभा राहतो. यंत्रांच्या बाबतीत तो अधिक टोकदार होतो, कारण यंत्राचा धर्मच चालणे हा आहे. अमेरिकेतील ॲपल कंपनीचा ‘लिसा’ हा संगणक याचे फार बोलके उदाहरण आहे असे आम्हांस वाटते.

लिसा जानेवारी १९८३ मध्ये जाहीर झाला. किंमत ९,९९५ डॉलर. पडद्याच्या उजवीकडे सव्वापाच इंची फ्लॉपीचे दोन ड्राइव्ह एकाखाली एक बसवलेले होते. कंपनीने त्यांना ‘फाइलवेअर’ म्हटले, पण ओळखले गेले ते ‘ट्विगी’ या नावाने. त्यांची रचना जगावेगळी होती. फ्लॉपीच्या दोन्ही बाजू वाचणाऱ्या नेहमीच्या ड्राइव्हमध्ये वरचे व खालचे हेड समोरासमोर असतात. ट्विगीत ते मधल्या आसाच्या दोन विरुद्ध अंगांस होते आणि प्रत्येक हेडसमोर दाब देणारी एक छोटी गादी होती. त्यामुळे तिची फ्लॉपीही निराळी. आवरणाला एकीऐवजी दोन ठिकाणी खिडक्या. ती हाताने काढता येत नसे, संगणकानेच ती बाहेर ढकलावी लागे. एका फ्लॉपीवर साडेआठशे केबीहून अधिक मजकूर मावे. त्याच वर्षीच्या आयबीएम पीसी-एक्सटीच्या फ्लॉपीवर ३६० केबी.

हा ड्राइव्ह भरवशाचा मात्र ठरला नाही. जानेवारी १९८४ मध्ये ‘लिसा २’ आला तो सोनीचा साडेतीन इंची, अवघ्या ४०० केबीचा एकच ड्राइव्ह घेऊन. जुन्या ग्राहकांना हा बदल विनामूल्य देण्यात आला. ग्राहकाशी वागण्याचा हा सचोटीचा मार्ग होता, यात शंका नाही. पण म्हणूनच मूळ ट्विगी शाबूत असलेला लिसा आज अत्यंत दुर्मीळ आहे आणि सदोष भाग हीच त्याची प्रतिष्ठा झाली आहे!

आता असा संगणक कोणाच्या हाती आला आणि त्याने तो उघडला, तर त्याचे कर्तव्य काय? एक पक्ष म्हणेल, हात लावू नका. हा पक्ष आम्हांस मान्य नाही. लिसाच्या आतील जुन्या बॅटरीतून क्षार झिरपतो आणि तांब्याच्या रेषा खाऊन टाकतो. रुमालात बांधून श्रद्धेने ठेवलेली मोडी कागदपत्रे वाळवीने संपवल्याचे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. न उघडणे म्हणजे जपणे नव्हे. दुसरा पक्ष म्हणेल, झिजलेली गादी बदला, हवे ते नवे बसवा, यंत्र चालले पाहिजे. मिलिंदप्रश्नात नागसेनाने राजाला विचारले होते की आस म्हणजे रथ काय, चाके म्हणजे रथ काय. ‘रथ’ हे त्या सर्वांच्या जुळणीला दिलेले नाव, असे त्याचे म्हणणे. तो तर्क येथे अर्धाच उपयोगी पडतो. रथ प्रवासासाठी असतो. हा ड्राइव्ह आता साक्षीदार आहे, आणि बदललेली गादी मूळ अभियंत्यांचा हिशेब कोठे चुकला हे सांगू शकत नाही.

सरकारी दप्तरात चुकीची नोंद खरवडून काढण्यास मनाई असे. एका रेषेने ती खोडावी, खालचे अक्षर वाचता यावे, शेजारी तारीख व सही असावी. आमच्या मते यंत्राची दुरुस्तीही तशीच व्हावी: बॅटरी तत्काळ काढावी, बदललेली गादी पाकिटात घालून यंत्राबरोबरच ठेवावी, काय केले ते लिहून ठेवावे.

मात्र फ्लॉपीच्या बाबतीत हा नियमही अपुरा पडतो. हेड चकतीला टेकूनच वाचते. जुना चुंबकी लेप त्या घर्षणाने सुटू शकतो. एखाद्या फ्लॉपीची दुसरी प्रत जगात नसेल, तर ती वाचण्याचा पहिला प्रयत्न कदाचित शेवटचाही असेल. म्हणून ड्राइव्ह प्रथम कोऱ्या फ्लॉपीवर तपासावा, हेड स्वच्छ करावे, आणि ती एकमेव फ्लॉपी घालावयाची ती तिची संपूर्ण नक्कल उतरवून घेण्याची सिद्धता झाल्यावरच.