श्रेय देवाचे, कष्ट कोणाचे?

शंका : जव्हारकडच्या साखरशेतसारख्या गावी नागली भरघोस आली आणि विश्वासी शेतकऱ्याने उपासनेत साक्ष देताना स्वतःच्या मेहनतीचे नाव घेतले, तर तो गर्व ठरतो काय?

समाधान : ठरत नाही. बायबलमधील 'अनुवाद' या पुस्तकाच्या 8व्या अध्यायात (ओवी 17-18) मोशे बजावतो की, ही संपत्ती माझ्याच बाहुबलाने मिळाली असे मनात आणू नये, कारण ती मिळवण्याची शक्ती परमेश्वर देतो. हात राबले, हे तिथे कुठेही नाकारलेले नाही. जव्हार-मोखाड्याच्या उतारावर हे समजायला पंडित लागत नाही. उन्हाळ्यात फांद्या, पालापाचोळा, शेण पसरून राब भाजणे, पावसाच्या तोंडाशी पेरणे, रोप उपटून ओणव्याने आवणी करणे हे माणसाचे काम. आवणीनंतर पाऊस दडी मारणार की नाही, हे त्याच्या हाती नाही. साक्षीत दोन्ही यावे.

पंडिता रमाबाईंनी हेच केले. 1878 साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' व 'सरस्वती' म्हटले, 1883 साली इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. तरी 1907 च्या आपल्या साक्षीत त्यांनी उघड लिहिले की बाप्तिस्म्याने धर्म मिळाला, ख्रिस्त मात्र पुढे बऱ्याच वर्षांनी भेटला. एवढ्या विदुषीला हे लिहिताना कमीपणा वाटला नाही. केडगावचे मुक्ती मिशन उभारण्याचे आणि हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणण्याचे त्यांचे कष्टही कधी झाकले गेले नाहीत.

श्रेयाची खरी चोरी वेगळीकडे होते. रोगमुक्तीच्या सभेत ताप उतरला की फलकावर प्रचारकाचे नाव आणि छायाचित्र झळकते. उतरला नाही तर रोग्याचा विश्वास कमी पडला म्हणतात. तोंडी देवाचा महिमा आणि पुढे दानपेटी! आरोग्य केंद्रातल्या ज्या नर्सने वेळेवर सुई दिली, तिचे नाव कोणी काढत नाही, जणू देव तिच्या हातून काम करूच शकत नाही. याहून वाईट म्हणजे दिवाळीनंतर वीटभट्टीवर निघालेल्या कुटुंबाच्या बयाण्यावर दशांश मागणे. बयाणा ही मिळकत नाही, ते अंगावरचे कर्ज आहे. पुढचे सहा-सात महिने विटा थापून ते फेडायचे असते. त्यावर हक्क सांगणाऱ्या पाळकाला नकार देण्यात अविश्वास नाही.

'सगळे देवाने दिले' असे म्हणून आवणीला आलेल्या बायांची मजुरी थकवणे हाही देवाच्या नावाचा गैरवापरच. त्याच अनुवादाचा 24वा अध्याय (ओवी 14-15) गरीब मजुराचे वेतन त्याच दिवशी, सूर्य मावळण्याआधी द्यायला सांगतो. म्हणून उपकारस्तुतीची नागली मंडळीत नेण्यापूर्वी शेतावर राबलेल्यांचा हिशेब चुकता करावा, आणि साक्ष देताना त्यांचीही नावे घ्यावीत.