पाहुण्यांच्या भाड्यावर तगलेली घरं

वेल्समध्ये ब्लॅक माउंटन्सच्या पायथ्याशी ह्लुइन केलिन नावाचं एक दगडी शेतघर आहे. त्याचं वय कुणालाच नेमकं सांगता येत नव्हतं. मग तुळयांना पेन्सिलीएवढं भोक पाडून लाकडाचे नमुने काढले गेले आणि त्यांतली वलयं जुन्या ओकच्या वलयांशी ताडून पाहिली गेली. साल निघालं १४२०. तिकडचे सुतार ओक ओला असतानाच तासत आणि लाकडी खुंट्या ठोकून सांधत, म्हणून झाड तोडल्याचं साल ते जवळपास घर बांधल्याचंच साल. दख्खनमध्ये तेव्हा गुलबर्ग्याच्या गादीवर फिरोजशहा बहमनी होता.

मूळच्या घरात मधोमध एक उंच दालन होतं. त्याला ना माळा, ना धुराडं. जमिनीच्या मध्यावर विस्तव पेटायचा आणि धूर थेट छपरात चढायचा. सतराव्या शतकाच्या अखेरीस कुणीतरी दालनात मजला घातला, भिंतीला चूल आणि धुराडं बांधलं, आणि शेतकरी कुटुंबं पुढची तीनशे वर्षं तिथेच राहिली. या शतकाच्या सुरुवातीला मात्र छप्पर परांचीच्या आधारावर उभं होतं. लँडमार्क ट्रस्ट या संस्थेने सुमारे ४२ लाख पौंड उभे करून ते वाचवलं. २०१८पासून आठ माणसं तिथे भाड्याने मुक्काम करू शकतात. तिथलं धान्य मळण्याचं जुनं कोठार परिसरातल्या लोकांसाठी खुलं झालं आहे.

लँडमार्क ट्रस्टची स्थापना जॉन स्मिथ आणि त्यांच्या पत्नी क्रिस्टियन यांनी १९६५मध्ये केली. राजवाडे आणि चर्च वाचवायला माणसं पुढे येतात, पण एखादी गिरणी, दगडी खोपटं, ओसाड गढी, रेल्वेचं लहानसं स्थानक यांना वाली नसतो, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. आज संस्थेकडे दोनशेच्या आसपास वास्तू आहेत. हिशेब सरळ आहे. डागडुजीचा मोठा खर्च देणग्या आणि अनुदानांतून होतो, आणि नंतरची देखभाल पाहुण्यांच्या भाड्यातून चालते. खोल्यांत टीव्ही नसतो. त्या घराशी आणि परगण्याशी नातं सांगणारी पुस्तकं फडताळात असतात, आणि एक वही असते. येणारे लोक तिच्यात पुढच्यांसाठी लिहून ठेवतात. संस्थेच्या अमेरिकेतल्या भगिनी संस्थेकडे तर मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगने व्हरमाँटमध्ये बांधलेलं घरही आहे. त्याचं नाव ‘नौलखा’.

घर टिकवायचं तर त्यात माणसाने निजायला हवं, या विचाराला रोजच्या अनुभवाचा आधार आहे. बंद घराच्या छपरावरचं एक कौल सरकलं, तर ते कळतं तुळई कुजल्यावर. राहत्या घरात तेच पहिल्या पावसात अंथरुणावर थेंब पडला की कळतं आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी शिडी लावतं. खिडक्या उघडतात, ओल सुकते, विस्तवाची ऊब भिंतीत शिरते. कोकणातल्या म्हाताऱ्या माणसांना हे वेगळं शिकवावं लागत नाही. चुलीच्या धुराने वासे काळे होतात आणि त्या धुरामुळेच त्यांना कीड लागत नाही, हे ती पिढ्यान्‌पिढ्या सांगत आली आहेत. संग्रहालय करून दोरी बांधलेल्या खोलीला हा लाभ मिळत नाही.

पण निजायला जागा करताना घराचं काय करायचं, इथे खरी कसोटी आहे. इंग्लंडमधला कलावंत-लेखक विल्यम मॉरिस याने १८७७मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली, ती ‘जीर्णोद्धार’ करणाऱ्यांविरुद्ध. त्या काळचे वास्तुतज्ज्ञ चर्चच्या भिंतींवरचा जुना गिलावा खरवडून काढत आणि मध्ययुगात तिथे काय असावं याची कल्पना करून नवं बांधत. मॉरिसचं म्हणणं असं, की रोजच्या रोज निगा राखा, पडेल तेवढंच सावरा, आणि मधल्या शतकांनी केलेले बदल पुसू नका. ह्लुइन केलिनमधला सतराव्या शतकातला मजला आणि धुराडं अजून जागच्या जागी आहेत, ते याच विचारामुळे. ते पाडून १४२०चं दालन ‘शुद्ध’ करता आलं असतं. तसं झालं असतं तर तीनशे वर्षं तिथे राबलेल्या माणसांची खूणच पुसली गेली असती.

खरवडण्याची हौस आजही गेलेली नाही. दगडी घर म्हटलं की पाहुण्याला उघडा दगड हवा असतो, छायाचित्रात तो उठून दिसतो. मूळ रहिवाशांनी मात्र अनघड दगडाच्या भिंतींवर चुन्याचा गिलावा केला होता, वरून सफेदी दिली होती. त्याला कारण होतं. अशी भिंत म्हणजे दोन बाजूंना दगडांचे थर आणि पोटात चिपा नि मातीची भर. तिच्यात पाणी शिरणारच. चुना दगडापेक्षा मऊ असतो आणि ओल बाहेर सोडतो. झिजायचं ते चुन्याने झिजावं, दगड शाबूत राहावा, अशी ती योजना. दर पाच-दहा वर्षांनी चुन्याचा हात फिरवला की झालं. त्या जागी सिमेंटने दर्जा भरल्या की वाट बंद होते. पाणी दगडातूनच बाहेर पडू पाहतं, हिवाळ्यात गोठतं, गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. विसाव्या शतकात ब्रिटनमधल्या असंख्य घरांचं असं नुकसान झालं, तेही मजबुतीच्या नावाखाली. आपल्याकडे थंडीने पाणी गोठत नाही, पण सिमेंटमागे कोंडलेली ओल जांभ्याच्या भिंतीलाही सोडत नाही. घाण्यात दळून, गूळ आणि बेलफळ घालून चुना तयार करणारे गवंडी आता शोधावे लागतात. ही विद्या हातातून गेली तर पैसे असूनही जुनं घर दुरुस्त करता येणार नाही.

लँडमार्क ट्रस्टच्याच, वॉरिकशरमधल्या ॲस्टली कॅसलची गोष्ट याहून अवघड होती. इंग्लंडची अल्पकाळची राणी लेडी जेन ग्रे हिच्या घराण्याशी जोडलेली ही तटबंदीची वास्तू १९७८मध्ये जळाली. तीस वर्षं पावसात उभ्या राहिलेल्या भिंतींमध्ये जुनं दालन पुन्हा उभं करणं म्हणजे नाटकाचा पडदा रंगवणं झालं असतं. वास्तुतज्ज्ञांनी ढासळलेल्या भिंतींना नव्या विटांनी आणि लाकडी तुळयांनी उघड दिसेल असा आधार दिला, काही भाग मुद्दाम छपराविना ठेवला, आणि जुन्या भिंतींच्या आत आजचं घर बसवलं. २०१३मध्ये त्याला ब्रिटनचा स्टर्लिंग पुरस्कार मिळाला. जुनं कुठे संपतं आणि नवं कुठे सुरू होतं, हे तिथे लहान मुलालाही कळतं. प्रामाणिक दुरुस्ती ती हीच.

इथवर सगळं चांगलं. पण सुट्टीसाठी भाड्याने दिलेल्या घराची दुसरी बाजू वेल्सइतकी तीव्रतेने क्वचितच कुठे समोर आली असेल. ह्लुइन केलिन उभं राहिलं ते इंग्रजांविरुद्ध ओवेन ग्लिंडूरने केलेला उठाव विझल्यानंतर पाचेक वर्षांत. १९७९च्या डिसेंबरात त्याच ग्लिंडूरचं नाव घेणाऱ्या एका गुप्त गटाने इंग्रजांची सुट्टीतली घरं जाळायला सुरुवात केली आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत दोनशेहून अधिक मालमत्तांना आग लावली. आग लावणं समर्थनीय नाही. तिच्यामागचं दुखणं मात्र खरं होतं. बाहेरच्या पैशाने घरांच्या किमती इतक्या चढल्या, की गावात जन्मलेल्या मुलाला गावात घर घेता येईना. मुलं गेली, शाळा ओस पडल्या, आणि वेल्श बोलणाऱ्यांची वस्ती विरळ झाली. एप्रिल २०२३पासून वेल्समधल्या स्थानिक परिषदांना दुसऱ्या घरांवर नेहमीच्या करावर तीनशे टक्क्यांपर्यंत अधिभार लावता येतो, आणि व्यवसाय म्हणून सवलत हवी असेल तर सुट्टीतलं घर वर्षातले किमान १८२ दिवस भाड्याने गेलेलं असावं लागतं.

तेव्हा फरक करायलाच हवा. ज्या घरात कुणी कुटुंब राहू शकत नव्हतं, ज्याचं छप्पर परांचीवर होतं आणि ज्याच्या दुरुस्तीचा खर्च कुठल्याही शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेर होता, ते पाहुण्यांच्या भाड्यावर जगवणं हे वाचवणं आहे. धडधाकट राहतं घर विकत घेऊन, त्यातलं बिऱ्हाड उठवून, तिथे किल्लीची पेटी अडकवणं हे तसं नाही. दोन्ही घरांची छायाचित्रं सारखीच सुंदर येतात, म्हणून हा फरक बाहेरून दिसत नाही.

हा प्रश्न आता कोकण आणि गोव्यातही उंबरठ्यावर आला आहे. जांभ्याची, कौलारू, ओटी-पडवी-माजघराची घरं वर्षभर बंद असतात आणि गणपतीत उघडतात. उताऱ्यावर नावं वाढत जातात, भाऊबंद मुंबईत विखुरतात, आणि सगळ्यांची संमती मिळेपर्यंत भाल खाली येते. अशा घरांना पर्यटनाचा पैसा मिळाला तर त्यात वावगं काही नाही. सरकारची निवास-न्याहारी योजना आहेच. मात्र घर बाहेरच्या कंपनीला विकून मोकळं होण्यापेक्षा गावातल्याच बिऱ्हाडाच्या हाती ते चालवायला दिलं, तर भाडं गावात राहतं आणि रात्री दिवाही लागतो.

ज्यांचं असं घर गावी आहे, त्यांनी यंदा मे महिन्यातच शाकारणी उरकून घ्यावी. भिंतीला सिमेंटचा गिलावा लावू देऊ नये. आणि घर भाड्याने द्यायचं ठरलंच, तर जाहिरात देण्याआधी शेजाऱ्यांच्या दारात जाऊन विचारावं.